अल्लादिया खाँ यांची सांगीतिक नवनिर्मिती : कोल्हापूर दरबार आणि जयपूर-अत्रौली गायकी

प्रास्ताविक

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात ‘अवांगार्द’ किंवा ‘अग्रगामी’ ही संज्ञा ज्या रचनाकारांना लावली जाते त्यांच्याविषयी एक ठोकळ कल्पना रूढ झालेली आहे. हा रचनाकार परंपरेशी फारकत घेतो, श्रोत्यांचा रोष पत्करतो आणि आपल्या नव्या व्याकरणाची संहिता लिखित स्वरूपात मागे ठेवतो. अर्नोल्ड शोनबर्ग किंवा १९१३ मध्ये पॅरिसच्या प्रेक्षागृहात गदारोळ उडवून देणारा स्ट्राविन्स्की ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे होत. आशियातील रचनाकारांचा विचार करताना मात्र ही कल्पना अपुरी पडू लागते. जपानचे तोरू ताकेमित्सु (१९३०–१९९६) यांनी महायुद्धोत्तर काळात जपानी परंपरेकडे जाणीवपूर्वक पाठ फिरविली, कारण ती परंपरा त्यांच्या मनात लष्करी राजवटीच्या आठवणींशी जोडली गेली होती. पुढे बुनराकु या पारंपरिक बाहुलीनाट्याच्या संगीताने त्यांना पुन्हा आपल्या मातीकडे वळविले, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथे सादर झालेल्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’ या रचनेत बिवा व शाकुहाची ही दोन जपानी वाद्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर उभी राहिली. मात्र ती वृंदात विरघळली नाहीत. दोन्ही संगीतांमधील अंतर तसेच ठेवणे, हेच त्या रचनेचे नावीन्य ठरले. म्हणजे ताकेमित्सु परंपरेबाहेर गेले आणि वळसा घेऊन परतले.

परंपरेबाहेर एक पाऊलही न टाकता संगीताचे व्याकरण आतून बदलणारा रचनाकार संभवतो काय, हा प्रश्न येथून उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दक्षिण महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या आणि कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्यांनी आयुष्यातील सुमारे पाव शतक कोल्हापुरात व्यतीत केले त्या उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे कार्य या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. खाँसाहेबांचा उल्लेख मराठीत बहुधा ‘थोर गवई’ आणि ‘थोर गुरू’ म्हणून होतो. रचनाकार म्हणून त्यांचा विचार त्या मानाने कमी झाला आहे, आणि याचे कारण त्यांच्या कार्याच्या स्वरूपातच दडलेले आहे.

उणियारा, जयपूर आणि आवाजाचा आघात

अल्लादिया खाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उणियारा येथे झाला. मूळ नाव गुलाम अहमद. आधीची अपत्ये दगावल्यानंतर जगलेले हे मूल ईश्वराने दिलेले, म्हणून ‘अल्लादिया’. घराण्याचे मूळ गाव अलीगढजवळील अत्रौली आणि कर्मभूमी जयपूरचा परिसर, यावरून पुढे ‘जयपूर-अत्रौली’ हे जोडनाव प्रचारात आले. घराण्याची परंपरा आपले मूळ ध्रुपद गाणाऱ्या ब्राह्मण पूर्वजांपर्यंत नेऊन पोहोचविते. या वंशकथेची ऐतिहासिक छाननी हा स्वतंत्र विषय आहे. येथे महत्त्वाचे एवढेच की, या कुटुंबाची विद्या मुळात ध्रुपदाची होती. वडील अहमद खाँ यांचे छत्र लहान वयातच हरपल्यावर काका जहांगीर खाँ यांनी त्यांना प्रथम अनेक वर्षे ध्रुपदाची आणि त्यानंतर ख्यालाची तालीम दिली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ख्यालगायकाच्या गळ्यावर ध्रुपदाचा संस्कार आधी झाला, आणि पुढील सर्व नवनिर्मितीला तोच आधारभूत ठरला.

महाराजा रामसिंग (दुसरे) यांच्या काळातील जयपूर हे उत्तर भारतातील संगीताचे एक मोठे केंद्र होते. ध्रुपदिये बेहराम खाँ, बीनकार रजब अली खाँ, सतारिये अमृतसेन यांसारखे कलावंत तेथे एकत्र आले होते. त्यांतही बडे महंमद खाँ यांचे पुत्र मुबारक अली खाँ यांच्या गायनाचा तरुण अल्लादिया खाँ यांच्यावर खोल परिणाम झाला. मुबारक अली यांची तान सरळ रेषेत चढणारी व उतरणारी नव्हती. ती वळणे घेत, अनपेक्षित स्वरांवर झेप टाकत, तरीही समेवर अचूक येत असे, असे वर्णन केले जाते. ही तान खाँसाहेबांनी केवळ ऐकली. विधिपूर्वक तालीम त्यांना मुबारक अलींकडून मिळालेली नव्हती. कानाने टिपलेल्या या सामग्रीचे स्वतःच्या ध्रुपदसंस्कारित गळ्याशी नाते जोडण्याचे काम त्यांना स्वतःलाच करावे लागले.

यानंतरची घटना सर्वच चरित्रकारांनी नोंदविली आहे. एका छोट्या संस्थानाच्या दरबारात दीर्घकाळ, विश्रांतीविना गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला, आणि तो पुन्हा कामाचा होण्यास मोठा काळ जावा लागला. परत आलेला आवाज पूर्वीचा नव्हता. त्यातील गोडवा व सहजता ओसरली होती. ज्या गायकाचे सारे भांडवल आवाज, त्याने अशा वेळी गाणे सोडले असते तरी कोणी दोष दिला नसता. खाँसाहेबांनी आवाजाला झेपेल असे गाणे शोधण्याऐवजी आवाजाच्या सौंदर्यावर अवलंबून नसलेले गाणे रचावयास घेतले. स्वराच्या नुसत्या माधुर्याने श्रोता बांधून ठेवता येत नसेल तर त्याला स्वरवाक्याच्या बांधणीने, लयीच्या गुंफणीने आणि रागाच्या अनपेक्षित दर्शनाने बांधून ठेवावे लागणार होते. या गायकीचा संपूर्ण उलगडा एका आघातातून करणे भाबडेपणाचे होईल. तथापि रचनेकडे वळण्याची निकड त्या आघाताने निर्माण केली, हे नाकारता येत नाही.

कोल्हापूरचा आश्रय

शाहू महाराजांनी एप्रिल १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतला. १८९५ च्या सुमारास अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी रुजू झाले आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे मे १९२२ पर्यंत, कोल्हापूर हेच त्यांचे ठिकाण राहिले. धाकटे बंधू हैदर खाँ हेही त्यांच्यासोबत होते. खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ (१८८८–१९३७) आणि भुर्जी खाँ (१८९०–१९५०) यांची जडणघडण याच शहरात झाली.

शाहू महाराजांच्या कलाश्रयाचा विचार करताना खासबाग मैदान, पॅलेस थिएटर, केशवराव भोसले यांची ललितकलादर्श आणि चित्रकार आबालाल रहिमान यांची नावे ओघाने येतात. महाराजांची स्वतःची ओढ कुस्तीकडे अधिक होती, हे सर्वश्रुत आहे. मग त्यांच्या दरबारातील गवयाने असे अवघड, अंतर्मुख, सहजासहजी दाद न मिळणारे गाणे कसे रचले? दरबारी नोकरीने खाँसाहेबांना जे दिले ते बहुधा सततच्या प्रशंसेपेक्षा मौल्यवान होते. ते म्हणजे स्थैर्य आणि वेळ. रोज नव्या यजमानाला रिझविण्याची गरज नसलेल्या गवयालाच एका रागाचे एक वळण महिनोन्‌महिने घासून पाहणे परवडते. कोल्हापुरात जाणत्यांची वाण नव्हती. देवल क्लबसारख्या संस्थेच्या रूपाने गाणे ऐकणारा, त्यावर वाद घालणारा एक वर्ग येथे तयार होत होता. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे याच वातावरणात घडले. त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले.

या काळातील भूगोलाकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. कोल्हापूर, कागल, इचलकरंजी, कुरुंदवाड आणि मिरज या लहानशा टापूत हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिक इतिहासातील तीन भिन्न प्रवाह एकाच वेळी वाहत होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) येथलेच. त्यांचे कुरुंदवाडचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीताला शाळेचे व स्वरलिपीचे रूप दिले. किराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी मिरजेला वास्तव्य केले, शिक्षणसंस्था काढली, ध्वनिमुद्रिका दिल्या. अल्लादिया खाँ यांनी यांपैकी काहीही केले नाही. त्यांनी शाळा काढली नाही, ग्रंथ लिहिला नाही, आणि त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. संगीताच्या सामाजिक व्यवस्थेत सुधारणा करणारे पलुस्कर ‘आधुनिक’ ठरतात, तसे खाँसाहेब ठरत नाहीत. परंतु प्रत्यक्ष गाण्याच्या आत, म्हणजे स्वर, लय आणि राग यांच्या परस्परसंबंधांत, या पिढीतील सर्वांत मूलगामी बदल त्यांनीच घडविला, असे विधान करता येईल. पलुस्करांनी जे बदलले ते सर्वांना दिसले. खाँसाहेबांनी जे बदलले ते ऐकण्यासाठी कानाची तयारी लागते.

गायकी हीच रचना

पाश्चात्त्य संगीतात ‘रचना’ म्हणजे लिहून पूर्ण केलेली संहिता. हिंदुस्थानी संगीतात बंदिश ही रचना खरी, पण ती काही ओळींची असते आणि तिच्याभोवतीचा विस्तार गायक त्या त्या वेळी करतो. त्यामुळे केवळ बंदिशींची संख्या मोजून येथील रचनाकाराचे मोल ठरविता येत नाही. विस्तार कसा करावयाचा याची जी रीत एखादा कलावंत निर्माण करतो आणि जी त्याच्या पश्चात दुसऱ्याच्या गळ्यातही ओळखू येते, ती रीत हीच त्याची खरी कृती मानावी लागते. अल्लादिया खाँ यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेषत्वाने खरी आहे.

या रीतीचा पहिला विशेष म्हणजे स्वर आणि लय यांची अविभाज्यता. सर्वसाधारण ख्यालात ताल हा गाण्याच्या खाली अंथरलेल्या जाजमासारखा असतो. गायक त्यावर मोकळेपणाने विहार करतो आणि समेवर भेटतो. जयपूर गायकीत विलंबित त्रितालाची सोळा मात्रांची गती तुलनेने मध्यम ठेवलेली असते, इतकी की प्रत्येक मात्रेचे अस्तित्व श्रोत्याला जाणवत राहावे. आलापातील प्रत्येक स्वरवाक्य या मात्रांच्या अंगाखांद्यावरूनच पुढे सरकते. मात्र ते मात्रेच्या ठोक्यावर सुरू होईलच असे नाही. ते अर्ध्या किंवा पाव मात्रेने मागेपुढे उचलले जाते आणि वाक्याचे वजन तालाच्या वजनाशी हलकेसे झुंजत राहते. त्यामुळे संथ भागातही एक आंतरिक ताण टिकतो. हा आलाप आकारात चालतो. सरगमला त्यात स्थान नाही, आणि तराण्यासारखे प्रकार जवळजवळ नाहीत. दमसास दीर्घ असावा लागतो, कारण वाक्य मध्येच तोडले तर त्याचा अन्वय बिघडतो. व्याकरणाच्या अध्यापकांना हे सहज पटेल. मराठीतील लांब मिश्रवाक्यात क्रियापद शेवटी येते, तोवर श्रोत्याने कर्ता ध्यानात ठेवावा लागतो. जयपूरची स्वरवाक्ये ही अशीच शेवटी उलगडणारी असतात.

दुसरा विशेष तानेचा. ती सपाट नसते. चार-पाच स्वरांचा एक गट वळून स्वतःवरच येतो आणि येताना एक स्वर पुढे सरकलेला असतो. दुसरा गट पहिल्याशी नाते राखूनही वेगळी दिशा धरतो. ही वक्र, चक्राकार तान ऐकताना पुढचा स्वर कोणता, याचा अंदाज बांधता येत नाही. तो आला म्हणजे मात्र तोच यावयास हवा होता असे वाटते. मुबारक अलींच्या तानेचे बीज येथे दिसते, आणि ध्रुपदाच्या गमकेचे वजनही. महत्त्वाचे हे की, तान हा येथे ख्यालाच्या शेवटी जोडलेला चमत्कृतीचा भाग राहत नाही. आलापातील स्वरवाक्येच घट्ट होत, गती घेत तानेचे रूप धारण करतात. विलंबित ख्यालानंतर द्रुत बंदिश गाण्याची गरज या गायकीत फारशी भासत नाही, त्याचे कारण हेच असावे. एकाच बंदिशीत गतीचा संपूर्ण प्रवास पूर्ण झालेला असतो.

जोडराग : दोन व्याकरणांचा संयोग

खाँसाहेबांच्या रचनाकार्याचा सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग म्हणजे अनवट व जोडराग. नटकामोद, भूपनट, सावनी कल्याण, बसंती केदार, ललितागौरी, संपूर्ण मालकंस, मालवी, खोकर, रायसा कानडा, बिहागडा, खंबावती ही नावे जयपूर गायकीच्या श्रोत्यांना परिचित आहेत. यांतील सर्वच राग त्यांनी नव्याने निर्माण केले असे समजणे चुकीचे ठरेल. काही जुन्या ध्रुपदांतून व हवेली संगीतातील पदांतून उचलून ख्यालाच्या साच्यात बसविले गेले, काही नामशेष होत असताना पुन्हा उभे केले गेले, काहींना त्यांनी नवा आकार दिला. ‘राग नवा नाही, जुनाच आहे’ असे सांगण्याकडे घराण्याचा कल असतो, कारण परंपरेत नावीन्याची प्रतिष्ठा प्राचीनतेच्या नावावरच मिळते. युरोपात रचनाकार जुन्या गोष्टीलाही नवी म्हणवून घेण्यास उत्सुक असतो, येथे याच्या नेमके उलट घडते. त्यामुळे कोणता राग किती प्रमाणात खाँसाहेबांचा, हे कागदोपत्री सिद्ध करणे कठीण आहे. रागाची रचना मात्र तपासता येते.

नटकामोदाचे उदाहरण घेता येईल. नटात ‘सा रे, रे ग, ग म’ अशी पायरीपायरीने चढणारी चाल आहे, तर कामोदाची ओळखच ऋषभावरून पंचमावर घेतलेल्या झेपेत आहे. दोन्ही रागांचे मार्ग ऋषभावर एकत्र येतात आणि तेथूनच फुटतात. साधा जोडराग पूर्वार्धात एक आणि उत्तरार्धात दुसरा, किंवा आरोहात एक आणि अवरोहात दुसरा राग ठेवून मोकळा होतो. जयपूरच्या नटकामोदात ऋषभावर उभा असलेला गायक आता पायरी चढणार की झेप घेणार, ही अनिश्चितता प्रत्येक आवर्तनात नव्याने निर्माण होते. दोन राग शेजारी ठेवले जात नाहीत. त्यांच्यातील निवड हाच रागाचा विषय होतो.

संपूर्ण मालकंसात याहून धाडसी प्रश्न हाताळला आहे. मालकंस हा पाच स्वरांचा राग आहे. ऋषभ आणि पंचम वर्ज्य असल्यामुळेच त्याला त्याचे गंभीर, पोकळी राखणारे रूप लाभते. ज्या स्वरांच्या अभावावर राग उभा आहे तेच स्वर त्यात आणले तर तो राग उरेल काय? संपूर्ण मालकंसात ऋषभ व पंचम येतात, पण रागाचा तोल मध्यमावरच राहतो. नवे स्वर वाक्यात वाहत येतात आणि मध्यमाच्या सत्तेला आव्हान देत नाहीत. श्रोत्याला मालकंस ऐकू येत राहतो आणि त्याच वेळी मालकंसात निषिद्ध असलेले घडताना दिसते. बसंती केदारात प्रामुख्याने शुद्ध स्वरांचा केदार कोमल ऋषभ-धैवताच्या बसंताशी नांदतो. ललितागौरीत पंचम वर्ज्य असलेला ललित आणि पंचम असलेली गौरी एकत्र येतात. परस्परांना नाकारणारी व्याकरणे एका वाक्यात नांदवावयाची, हे सूत्र या सर्व उदाहरणांत दिसते. ताकेमित्सुंनी दोन संगीतांतील अंतर उघडे ठेवले. खाँसाहेबांनी दोन रागांतील सांधा दिसेनासा केला. हेतू भिन्न, साधने भिन्न. पण प्रचलित व्याकरणाच्या सीमेवर उभे राहून त्या व्याकरणालाच प्रश्न विचारण्याची वृत्ती दोघांत आढळते.

ध्वनिमुद्रणाअभावी अभ्यास

येथे एक पद्धतिशास्त्रीय अडचण समोर येते. ज्या रचनाकाराची संहिता नाही आणि ध्वनिमुद्रणही नाही, त्याच्याविषयी वरील विधाने कशाच्या आधारे करावयाची? खाँसाहेबांनी उत्तरायुष्यात नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितलेल्या आठवणी उपलब्ध आहेत. अमलान दासगुप्ता व उर्मिला भिरडीकर यांनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद २००० मध्ये कोलकात्याहून प्रसिद्ध झाला. हा दस्तऐवज अत्यंत मोलाचा असला तरी त्यातून गाणे ऐकू येत नाही.

मराठीच्या अभ्यासकांना परिचित असलेली पाठचिकित्सेची पद्धत येथे उपयोगी पडू शकते. मूळ प्रत हरवलेल्या ग्रंथाच्या निरनिराळ्या शाखांतील हस्तलिखिते ताडून, त्यांच्यातील समान पाठांवरून मूळ संहितेचा अंदाज बांधला जातो. अल्लादिया खाँ यांच्या शिष्यशाखा अशाच आहेत. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी १९२१ पासून खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत त्यांच्याकडे तालीम घेतली. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांना खाँसाहेबांची तालीम प्रथम सांगलीत मिळाली, ती खंडित झाली, मधल्या काळात त्यांनी हैदर खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले आणि नंतर पुन्हा त्या खाँसाहेबांकडे आल्या. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांना मंजी खाँ आणि त्यांच्यानंतर भुर्जी खाँ यांची तालीम मिळाली. तिघांचे आवाज, स्वभाव आणि रसिकवर्ग भिन्न आहेत. केसरबाईंचा खुला, भरदार आकार, मोगूबाईंची लयीतील काटेकोर नजर आणि मन्सूरांची रागात झोकून देणारी उत्कटता एकमेकांसारखी मुळीच नाही. तरीही मात्रेशी झुंजणारे स्वरवाक्य, वळून पुढे सरकणारी तान, आकारातील दीर्घ अन्वय आणि जोडरागाचा न दिसणारा सांधा या गोष्टी तिघांतही सापडतात. हा समान अंश खाँसाहेबांचा, आणि भेद त्या त्या कलावंताचा, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. अर्थात या शाखा पूर्णतः स्वतंत्र नाहीत. त्या परस्परांचे गाणे ऐकत होत्या, आणि हैदर खाँ किंवा मंजी खाँ यांनी स्वतःची भर घातली नसेल असे म्हणता येणार नाही. म्हणून हा निष्कर्ष शक्यतेच्याच भाषेत मांडावा लागतो.

ध्वनिमुद्रिकांची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. केसरबाईंच्या नटकामोद, ललितागौरी किंवा कुकुभ बिलावल यांच्या जुन्या तबकड्या जेमतेम तीन मिनिटांच्या आहेत. ज्या गायकीचे मर्म दीर्घ विस्तारात आहे तिचा तीन मिनिटांतील ठसा म्हणजे मंदिराचा मुद्रेवर कोरलेला आकार. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. तथापि जयपूर गायकीचा जोडरागातील अवघड शोध जाणून घ्यावयाचा तर त्या भैरवीकडे न वळता नटकामोदाकडे वळावे लागेल.

विद्येचे जतन आणि तिचा प्रसार

खाँसाहेबांच्या कार्याचा विचार गुप्ततेच्या प्रश्नाशिवाय पूर्ण होत नाही. ध्वनिमुद्रिका न देणे, बंदिशी सहजासहजी हाती न देणे, निवडक शिष्यांपुरतीच विद्या ठेवणे या वृत्तीचे समर्थन त्या काळच्या परिस्थितीत करता येते. बंदिश आणि अनवट राग हीच गवयाची मालमत्ता होती आणि तिचे रक्षण करणारा कोणताही कायदा नव्हता. परंतु याचे परिणामही नोंदवावे लागतात. ही वृत्ती पुढे केसरबाईंकडेही आली, आणि त्यांची दीर्घ तालीम मिळालेल्या शिष्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांच्यापलीकडे फारशा झाल्या नाहीत. ज्या रागांची एखाददुसरीच बंदिश प्रचारात आहे, त्यांचे रूप त्या एका बंदिशीच्या एका गायकाच्या स्मरणावर अवलंबून राहिले.

दुसऱ्या बाजूने पाहता, ही विद्या ज्यांच्या हाती गेली त्यांची सामाजिक व्याप्ती विलक्षण आहे. मुस्लिम उस्तादाच्या घरातील ध्रुपदाधिष्ठित विद्या भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्यामार्फत मराठी संगीत रंगभूमीपर्यंत, केसरबाई व मोगूबाई यांच्यामार्फत गोव्याच्या कलावंत समाजातील स्त्रियांपर्यंत, मन्सूरांमार्फत धारवाडच्या कन्नड प्रदेशापर्यंत आणि शंकरराव व निवृत्तीबुवा सरनाईकांमार्फत कोल्हापूरच्याच मराठी घरांपर्यंत गेली. रक्ताच्या नात्यापुरती विद्या राखण्याचा रिवाज असलेल्या व्यवसायात ही गोष्ट सामान्य नव्हे. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या राजाच्या नगरीत हे घडले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह टाळला पाहिजे, परंतु त्या एकाच शहरातील आहेत याचा विसर पडू नये.

१९२२ नंतर खाँसाहेब मुंबईस गेले. वयाची पासष्टी उलटल्यावर दरबार सोडून शहरी धनिक व जाणकार श्रोत्यांच्या आश्रयाने राहण्याचा हा बदल होता. केसरबाईंची तालीम मुख्यत्वे याच काळातील. १९३७ मध्ये मंजी खाँ यांचे अकाली निधन झाले. गायकीचा वारसा ज्याच्याकडे जाईल असे मानले जात होते तो मुलगा डोळ्यांदेखत गेला. खाँसाहेबांचे निधन १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत झाले. भुर्जी खाँ यांनी कोल्हापुरात राहून तालमीचे काम पुढे चालविले.

मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर (निधन २०१७) यांनी या गायकीत विलंबित आलापाला अधिक अवकाश दिला, भावाला प्राधान्य दिले आणि त्यामुळे ‘घराणे सोडल्या’चा आक्षेपही ओढवून घेतला. तो आक्षेप घेणाऱ्यांनी ज्या शुद्ध जयपूर गायकीची बाजू घेतली, ती गायकीच मुळात एका गवयाने आपला आवाज गेल्यावर, काकांच्या तालमीत परक्याची तान मिसळून रचलेली होती. संगीताच्या अभ्यासक्रमांत जयपूर-अत्रौली घराण्याची वैशिष्ट्ये पाठ करून घेतली जातात. त्यांत आकार, वक्र तान, अनवट राग अशी यादी असते आणि ती यादी एखाद्या प्रदेशाच्या हवामानासारखी, कोणीही न घडविलेली अशी दिली जाते. या यादीतील प्रत्येक कलमाच्या मागे एका माणसाने केलेली निवड आहे, आणि त्यातील बहुतेक निवडी १८९५ ते १९२२ या काळात कोल्हापुरात पक्क्या झाल्या.